पाटीवरची वाइन



कल्याणहून कर्जतच्या बाजूस निघालेली लोकल थोड्याच मिनिटांत विठ्ठलवाडीस येते. डब्यांतला ध्वनिमुद्रित आवाज तें नांव तीन भाषांत उच्चारतो. मराठींत ‘पुढील स्टेशन’, हिंदींत ‘अगला स्टेशन’, आणि इंग्रजींत तर तें असावयाचेंच. तिन्ही भाषांत सामाईक असा एकच शब्द निघतो, आणि तो इंग्रजी! ‘स्थानक’ हा शब्द फलकांवर आहे, वर्तमानपत्रांत आहे, पण यंत्राच्या तोंडीं तो बसला नाहीं. मला त्याचें फारसें दुःख होत नाहीं. शंभर-दीडशें वर्षें ज्या शब्दानें आपण गाडी पकडली तो परका कसा म्हणावा?

ज्या यंत्रावरून मी आपणांशीं बोलत आहें त्याचीहि कथा अशीच आहे. २३ जुलै १९२७ रोजीं मुंबईचें नभोवाणी केंद्र सुरू झालें. त्याला आधीं ‘नभोवाणी’ म्हणाले, मग ‘आकाशवाणी’ म्हणूं लागले, आणि घराघरांतून मात्र ‘रेडिओ’ च लागत राहिला. हे सर्व शब्द जिवंत आहेत व एकमेकांशीं भांडत नाहींत. विठ्ठलवाडींत एस्. टी.चें आगार आहे. पाटीवर ‘आगार’ असें असतें, आणि पाटी वाचणारा मनुष्य शेजारच्याला विचारतो, “डेपो हाच ना?” जवळच्या उल्हासनगरला तर पत्ता ‘कॅम्प’ या शब्दाशिवाय पुरा होत नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत तेथें लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधी निर्वासित तेथें आले. १९४९ सालीं गांवाला उल्हास नदीवरून नवें नांव मिळालें. छावणी गेली, निर्वासित कधींच निर्वासित राहिले नाहींत, परंतु कॅम्प एक ते पांच अजून जागच्या जागीं आहेत.

शब्द नवा करावा कीं परका घ्यावा, हा वाद आपल्याकडे जुना आहे. शिवाजी महाराजांनीं राज्यव्यवहारकोश करविला तो याच हेतूनें. पुढें रत्नागिरीच्या स्थानबद्धतेंत सावरकरांनीं भाषाशुद्धीची चळवळ चालविली. दिनांक, क्रमांक, महापौर, हे शब्द आज इतके रुळले आहेत कीं ते कोणी एकानें घडविले असें सांगितल्यास नव्या पिढीला खोटें वाटतें. ते कां रुळले याचा विचार केला म्हणजे मला कचेरींतला छापील अर्ज आठवतो. अर्जाच्या उजव्या कोपऱ्यांत ‘दिनांक’ छापलेला असे, आणि तेथें कांहीं लिहिल्यावांचून अर्ज घेत नसत. उलट ‘भ्रमणध्वनि’ हा शब्द लग्नपत्रिकेवर राहिला; खिशांत गेला तो ‘मोबाइल’. त्यावर लिहावयास लागावें तों तो दोन अक्षरांवरून पुढचा शब्द स्वतःच सुचवितो. यंत्र जें फार वेळां पाहतें तेंच पुढें करतें. तेव्हां जो शब्द आज पाटीवर आहे तो उद्यां यंत्रांत आहे, आणि परवां आपल्या मुलांच्या तोंडीं आहे, एवढें लक्षांत ठेवून मी आतां मूळ विषयाकडे वळतों. तो विषय आहे ‘वाइन’.

कोणत्याहि उपनगरी स्टेशनाबाहेर थोडें चाललें म्हणजे ठळक अक्षरांत ‘वाइन्स’ किंवा ‘वाइन शॉप’ अशी पाटी दिसते. आंत काय मिळतें? बहुतेक रम, व्हिस्की, बीअर. द्राक्षापासून केलेली खरी वाइन असलीच तर एखाद्या कोपऱ्यांत. आतां ‘दारू’ हा शब्द पाहा. तो फारसी, मूळ अर्थ औषध. ‘दवादारू’ या जोडशब्दांत तो अर्थ आपण अजून बाळगून आहों. तोच शब्द आपल्याकडे ‘दारूगोळा’ होऊन तोफेंत गेला आणि ‘शोभेची दारू’ होऊन दिवाळींत उडाला. फार्शीचे पंडित असलेल्या माधव ज्यूलियनांनीं १९२५ सालीं फार्शी-मराठी कोश काढला. असे किती पाहुणे आपल्या घरांत नांदत आहेत हें त्या कोशावरून कळतें. पण व्यवहारांत ‘दारू’ या शब्दाची अब्रू गेली. संसार तिनें बुडाले, आणि ज्या स्त्रियांचे संसार बुडाले त्यांनीं तो शब्द शिवीसारखा उच्चारला. म्हणून दुकानदाराला दुसरा शब्द लागला. ‘सरकारमान्य देशी दारूचें दुकान’ ही पाटी गरिबाच्या गल्लींत. ‘वाइन्स’ ही बाबूलोकांच्या रस्त्यावर. मधल्या बाटलींत मद्यार्क सारखाच आहे. सरकारी भाषा तर याहून मौजेची आहे: ‘भारतीय बनावटीचें विदेशी मद्य’. ऊंस आमचा, मळी आमची, भट्टी आमची, आणि नांव तेवढें विदेशी!

वस्तुतः वाइन व दारू यांत भेद आहे, आणि तो नाकारणें अडाणीपणाचें होईल. वाइन आंबवून होते. द्राक्षांतील साखर किण्वांच्या योगानें मद्यार्कांत पालटते आणि शेंकडा बारा-चौदाच्या सुमारास ती क्रिया थांबते. व्हिस्की-रम ह्या आंबलेल्या रसाला भट्टींत तापवून, वाफ धरून, थंड करून काढाव्या लागतात. आपल्याकडील बाटलीवर शेंकडा ४२.८ असा आंकडा असतो. आपल्या वैद्यांना पहिली कृति चांगली ठाऊक होती. मनुकांत धायटीचीं फुलें घालून, भांड्याचें तोंड बांधून, तें मुरवीत ठेवून द्राक्षासव करतात. तें आजहि औषधांच्या दुकानांत मिळतें. मराठी बायबलांत वाइनला ‘द्राक्षारस’ म्हटलें आहे. शब्द सुंदर खरा, पण बाजारांत मुलांसाठीं विकला जाणारा द्राक्षांचा रसहि द्राक्षारसच. मग काय करावयाचें? ‘मद्य’ म्हटलें तर सर्वच त्यांत येतें.

नाशिककडे ही वस्तु आतां शेतीचा भाग झाली आहे. नारायणगांवला १९८० नंतरच्या दशकांत फसफसणारी वाइन होऊं लागली होती. नाशिकच्या सुला द्राक्षबागांची पहिली वाइन २००० सालीं बाजारांत आली. वाइनचीं द्राक्षें खाण्याच्या द्राक्षांहून वेगळीं: लहान, जाड सालीचीं, बियांचीं. युरोपांत तीं शरद ऋतूंत खुडतात, आपल्याकडे थंडी सरतां सरतां. तरी राज्यांतील द्राक्षांचा मोठा भाग खाण्यासाठीं आणि बेदाण्यासाठींच जातो, हें तासगांवच्या शेतकऱ्याला विचारल्यास तो सांगेल.

आणि आतां २०२२ चा जानेवारी आठवा. १२ तारखेस मंत्रिमंडळानें ठरविलें कीं, सर्व दुकानांच्या पाट्या मराठींत, देवनागरी लिपींत असाव्या. शिवाय जेथें मद्य विकलें जातें त्या दुकानाला थोर स्त्रीपुरुषांचीं वा गडकिल्ल्यांचीं नांवें नसावीं. पंधरवड्यानें, २७ तारखेस, त्याच मंत्रिमंडळानें ठरविलें कीं मोठ्या किराणा दुकानांत, म्हणजे हजार चौरस फुटांहून अधिक जागेच्या सुपरमार्केटांत, वाइन ठेवण्यास परवानगी द्यावी. त्यावर जो गदारोळ उठला तो सारा एका वाक्याभोंवतीं फिरत होता: वाइन म्हणजे दारू नव्हे. बाजूचे म्हणत, हें शेतकऱ्याच्या हिताचें आहे. विरोधक म्हणत, आज वाइन, उद्यां काय? वर्तमानपत्रें व दूरचित्रवाणी यांनीं तें वाक्य दिवसरात्र फिरविलें. अण्णा हजाऱ्यांनीं उपोषणाचा इशारा दिला आणि पुढें तो मागें घेतला. जूनमध्यें सरकारच बदललें व गलबला ओसरला.

मला त्या वादांत दोन्ही बाजूंची एक गोष्ट खटकली. ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ हें वाक्य रसायनशास्त्राच्या वर्गांत निम्में खरें आहे, पण रस्त्यावरच्या पाटीनें तें केव्हांच खोटें करून टाकलें होतें. जेथें रम विकतात त्या दुकानालाच जर आपण पिढ्यान् पिढ्या ‘वाइन शॉप’ म्हणत आलों, तर एके दिवशीं मंत्र्यांनीं तो शब्द शुद्ध करून घरच्या किराण्यांत ठेवावा आणि गृहिणीनें तो निःशंकपणें स्वीकारावा, ही अपेक्षाच चमत्कारिक होती. अक्षर ओळखूं लागलेलें पोर पाटी वाचून विचारतें, “वाइन म्हणजे काय?” याला खरें उत्तर देण्यासाठीं आईला आधीं सांगावें लागेल कीं, पाटी खोटी आहे. देवनागरीच्या सक्तीनें तर खोटेपणा मराठी अक्षरांत आला, एवढेंच झालें. लिपि आमची, शब्द इंग्रजांचा, आणि माल तिसराच.

कायद्याचें नांवहि पाहा. मद्यविक्रीचे परवाने ज्या कायद्याखालीं दिले जातात तो १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम; आतां त्याला महाराष्ट्राचें नांव आहे. बंदीच्या कायद्याखालीं विक्री चालते, आणि पिणाऱ्यानेंहि परवाना बाळगावा असें त्यांत आहे. किती जण बाळगतात तें मी येथें विचारीत नाहीं.

पण याच कायद्याच्या आधारें २००८ सालीं निघालेला एक आदेश मला फार शहाणपणाचा वाटतो. गांवांतील किंवा वॉर्डांतील स्त्रियांनीं मागणी केली म्हणजे दुकान बंद करावें कीं चालूं ठेवावें यावर मतदान घेतां येतें. मतपत्रिकेवर दोन चित्रें असतात: एक उभी बाटली, एक आडवी. दुकान नको असेल तिनें आडव्या बाटलीवर शिक्का मारावा. ‘उभी बाटली, आडवी बाटली’ हे शब्द त्यामुळें खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या बोलण्यांत आले. कोणा पंडितानें ते घडविले नाहींत, कोणत्या कोशांतून ते उचलले नाहींत. त्या चित्रांत वाइन, देशी, विदेशी असा भेद दाखविण्यास जागाच नाहीं. जिला अक्षर येत नाहीं तिला तीं वाचतां येतात, आणि जिला येतें तिलाहि त्यांचा अर्थ कोणाला विचारावा लागत नाहीं.