सोपा विषय म्हणून घेऊ नका

(बारामतीत, समाजशास्त्र घेतलेल्या आणि घेऊ पाहणाऱ्या बी.ए.च्या विद्यार्थ्यांपुढं केलेलं भाषण)



तुम्ही मला मार्गदर्शन करायला बोलावलंत. मार्गदर्शनाच्या नावाखाली आपल्या पोरांना आजवर काय मिळालं ते तुम्हाला ठाऊक आहे. हारतुरे, नारळ, 'कष्ट करा, यश मिळेल' हे एक वाक्य, आणि शेवटी चहा. कष्ट करा म्हणून कुणाला सांगतात? ज्यांच्या शंभर पिढ्यांना दुसरं काही करूच दिलं नाही त्यांना! ते वाक्य मी उच्चारणार नाही. मी हिशोब मांडणार आहे. विषय कुणाच्या सांगण्यावरून घेतला जातो, त्यात कुणाचं किती जातं आणि ते वसूल कसं करायचं, एवढाच हिशोब.

जूनमध्ये काय होतं बघा. पोरगं बारावी पास झालेलं. घरात कॉलेजची पायरी चढलेलं कुणी नाही. बाप कारखान्यावर कंत्राटी, आई दुसऱ्याच्या उसात खुरपायला. पोरगं इंदापूरच्या कडेच्या गावातून एसटीनं येतं, खिडकीपुढच्या रांगेत उभं राहतं. खिडकीतला विचारतो, 'मेजर कुठला?' हा शब्दच त्यानं पहिल्यांदा ऐकलेला. पूर्वी 'स्पेशल' म्हणायचे, तोही बापानं ऐकलेला नव्हता. मागचा एक जण म्हणतो, 'समाजशास्त्र टाक, सोपं असतंय, पाठ केलं की पास.' झालं! तीन-चार वर्षांचा फैसला तीन मिनिटांत. पोरगी असेल तर तेवढाही वेळ लागत नाही. 'घे समाजशास्त्र, लग्न ठरेपर्यंत बरंय.'

आता दुसरं पोरगं बघा. बाप प्राध्यापक, मामा मंत्रालयात, आत्या पुण्याला. त्याचं मार्गदर्शन जेवणाच्या ताटावर चालतं, पाचवीपासून. कुठला विषय कशाला जोडायचा, कुठल्या सरांच्या तासाला बसायचं, नेट कधी द्यायची, यूपीएससीला ऑप्शनल कुठला घ्यायचा, हे त्याला कुणी शिकवत नाही. ते त्याच्या कानावर पडतच असतं. पुढं त्याला नंबर मिळाला की जग म्हणतं, हे मेरिट. मी म्हणतो, हे वतन आहे. माहितीचं वतन. १९५८ च्या कायद्यानं महारकीचं वतन गेलं. हे वतन मात्र कुठल्या कायद्यानं गेलेलं नाही. बापाकडून पोराकडं ते बिनबोभाट जातं. सातबारा लागत नाही, तलाठी लागत नाही.

कॉलेजं म्हणतील, आमच्याकडं मेंटॉर आहेत. आहेत ना! नॅकची समिती येते तेव्हा विचारते, किती विद्यार्थ्यांमागं एक मेंटॉर? म्हणून रजिस्टर असतं, रजिस्टरात सह्या असतात. पुष्कळ ठिकाणी पोराला आपला मेंटॉर कोण हे सही करतानाच कळतं. मी कुठल्या एका कॉलेजचं नाव घेत नाही, हा रोग राज्यभर आहे. आणि सगळे प्राध्यापक तसे नाहीत. काही जण रात्री नऊलासुद्धा पोरांचे फोन घेतात. पण एखाद्याच्या भलेपणावर हक्क चालत नाही. माणूस बदलून गेला की हक्कही गेला!

आता विषयाकडं येऊ. समाजशास्त्र सोपं आहे ही अफवा कुणी पसरवली?

तुम्ही बसलाय त्या मातीचाच दाखला घ्या. इंग्रजी राजवटीत मुंबई इलाख्यातली रयतवारी जमीनमोजणी नव्या पद्धतीनं सुरू झाली ती १८३५-३६ साली, तुमच्या इंदापुरात. गोल्डस्मिड आणि विंगेट हे दोन साहेब. गावाची शीव कुठं आहे हे महाराला विचारल्याशिवाय गावात ठरत नसे. शीव ठाऊक असणारा एक आणि कागद लिहिणारा दुसरा! १८७५ च्या मे महिन्यात सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांवर उठाव केला, कर्जरोखे जाळले. लगेच सरकारनं कमिशन नेमलं. प्रश्न विचारणारे साहेब, उत्तर देणारी रयत. १८८५ साली नीरेच्या डाव्या कालव्याला पाणी आलं, त्यावर ऊस आला, उसावर कारखाने, कारखान्यांवर राजकारण. त्या ऊसपट्ट्याचा अभ्यास करायला माँट्रिअलच्या मॅकगिल विद्यापीठातला डोनाल्ड अ‍ॅटवुड आला. १९९२ साली त्याचं 'रेझिंग केन' हे पुस्तक निघालं. सातासमुद्रापलीकडून माणूस येतो, तुमच्या पाटचाऱ्या मोजतो, आणि पाटाच्या कडेला जन्मलेल्या पोराला सांगतात, हा विषय पाठ करायचा असतोय!

नीरा ओलांडा, पलीकडं फलटण. १९६५ साली इरावती कर्वे आणि त्यांच्या सहकाऱ्यानं डेक्कन कॉलेजातून फलटण आणि भोवतालच्या गावांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याच फलटणात बेबीताई कांबळे राहत होत्या. छोट्याशा दुकानात बसून, घरच्यांपासून चोरून त्या लिहीत होत्या. 'जिणं आमुचं' हे पुस्तक १९८६ साली आलं. गाव एकच, पुस्तकं दोन. एक सर्वेक्षण करणाऱ्याचं, एक ज्याचं सर्वेक्षण होतं त्याचं. दोन्ही शेजारी ठेवून वाचा. पहिल्यात काय दिसलं नाही आणि दुसऱ्यात काय मोजलं नाही, हे ज्याला सांगता आलं त्याला समाजशास्त्र कळलं. पुणे विद्यापीठातल्या शर्मिला रेगे यांनी २००६ साली दलित स्त्रियांच्या आत्मकथनांवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. ही आत्मकथनं म्हणजे समाजाविषयीचं ज्ञान आहे, नुसती रडगाणी नव्हेत, असं त्यांनी विद्यापीठाला ठणकावून सांगितलं. तोवर विद्यापीठाच्या लेखी बेबीताई म्हणजे 'साहित्य'. शास्त्र नाही.

आणि आपली परंपरा काय बेबीताईंपासून सुरू होते? १८५५ साली जोतिबा-सावित्रीबाईंच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मातंग मुलीनं मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तो 'ज्ञानोदया'त छापून आला. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग निघाला १९१९ साली. मध्ये चौसष्ट वर्षं! मग ९ मे १९१६. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पंचविशीतला भीमराव आंबेडकर नावाचा विद्यार्थी जातिसंस्थेवर निबंध वाचतो. जात म्हणजे बंदिस्त वर्ग, आणि ती टिकते आपापसातल्या लग्नाच्या सक्तीवर, असं सांगतो. हा विद्यार्थ्याचा निबंध होता, लक्षात ठेवा. तुमच्यासारख्या विद्यार्थ्याचा.

बाबासाहेबांना तरी मार्ग कुणी दाखवला? कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी. मॅट्रिक झालेल्या भीमरावाच्या हाती स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्यांनी दिलं, आणि पुढं सयाजीराव गायकवाडांपर्यंत नेलं. पंचवीस रुपये महिना मिळू लागला. एवढ्या प्रचंड बुद्धीच्या माणसालाही एक केळुसकर गुरुजी लागले. मग तुमच्या माझ्या पोरांना लागतात यात लाज कसली?

आता कामाचं बोलतो. वह्या काढा.

पहिलं, विषय. प्रवेशाआधी अभ्यासक्रम हातात घ्या. तिसऱ्या वर्षाच्या वर्गात मागच्या बाकावर एक तास बसून बघा. मेजर समाजशास्त्र घेतलं तर मायनर डोळे उघडे ठेवून निवडा. बाबासाहेबांनी कोलंबियात अर्थशास्त्राचे २९ आणि समाजशास्त्राचे ६ अभ्यासक्रम केले, शिवाय इतिहास, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र. जातीच्या पोटात पैसा असतो, हे त्यांना ठाऊक होतं. कॉलेजात मिळत असेल तर अर्थशास्त्र जोडीला घ्या. आकडेवारीला भिऊ नका. आकडा ज्याच्या हाती, त्याच्या तोंडी सरकार लागत नाही.

दुसरं, बाहेरचं दार. नवं शैक्षणिक धोरण २०२४-२५ पासून राज्यातल्या संलग्न कॉलेजांतही लागू झालं. एका वर्षानंतर बाहेर पडलात तर सर्टिफिकेट, दोन वर्षांनंतर डिप्लोमा, तीनला पदवी, चारला ऑनर्स. क्रेडिट बँकेत जमा राहतात, तीन वर्षांत परत या आणि सात वर्षांत पदवी पूर्ण करा म्हणतात. कागदावर फार गोड आहे. पण या दारातून बाहेर कोण जाईल? प्राध्यापकाचं पोरगं? बहिणीच्या लग्नाचं कर्ज ज्याच्या घरात, तेच जाईल. पूर्वी शिक्षण सुटलं की पोराला निदान खंत वाटायची. आता सर्टिफिकेट हातात देतील आणि म्हणतील, तुझ्या मर्जीनं गेलास. तेव्हा दार उघडं दिसलं म्हणून चालायला लागू नका. अडचण आली तर आधी दहा जणांना सांगा.

तिसरं, मार्क. चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करायचं असेल तर पहिल्या सहा सत्रांत मिळून ७५ टक्के लागतात. ज्याला हे पाचव्या सत्रात कळतं त्याचा निकाल आधीच लागलेला असतो. म्हणून पहिल्या वर्षाच्या पोरांना आजच सांगतो. पहिलं सत्रसुद्धा मोजतात, बाबांनो!

चौथं, क्षेत्रप्रकल्प. दुसऱ्या वर्षाच्या आसपास फील्ड प्रोजेक्ट येतो. निम्मे लोक मागच्या वर्षीची प्रश्नावली झेरॉक्स करतात आणि झाडाखाली बसून भरतात. तुम्ही तसलं करू नका. विषय उंबऱ्यात पडलेत. आपल्या वस्तीतल्या वतनाच्या जमिनीचं १९५९ नंतर काय झालं? जुने फेरफार काढा, म्हाताऱ्यांना विचारा. उजनीच्या पाण्याखाली गेलेल्या गावांतल्या भूमिहीनांना काय मिळालं? जमीनच नव्हती त्याला मोबदला कशाचा? एमआयडीसीत झाडू मारणारे, कँटीनमध्ये ताटं धुणारे कंत्राटी कामगार कुठल्या जातीचे? कालव्याखालच्या गावातली मजुरी आणि जिरायती पट्ट्यातली मजुरी, बाईची आणि गड्याची, किती? एक गोष्ट पाळा. ज्याला विचाराल त्याची परवानगी घ्या, त्याचं नाव उघडं पाडू नका, आणि लिहिलेलं त्याला वाचून दाखवा. आजवर आपल्याला कुणी वाचून दाखवलं नाही. निदान आपण दाखवू.

पाचवं, भाषा. उत्तरं मराठीत बेधडक लिहा. यूपीएससीचा समाजशास्त्राचा ऑप्शनलही मराठीत लिहिता येतो, दोन पेपर, पाचशे मार्क. राज्यसेवेची मुख्य परीक्षाही आता वर्णनात्मक झालीय, नुसत्या गोळ्या काळ्या करून भागत नाही. पण वाचायला इंग्रजी पाहिजे. रोज एक पान, शब्दकोश मांडीवर घेऊन. यूपीएससीच्या अभ्यासक्रमात भारतीय समाजाकडं बघण्याच्या दृष्टिकोनाखाली तीन नावं दिलीत. घुर्ये, श्रीनिवास, अ. र. देसाई. बाबासाहेबांचं नाव त्या रांगेत नाही. म्हणून का तिघांना शिव्या द्यायच्या? शिव्या देऊन पेपर सुटत नाही. तिघं नीट वाचा, आणि त्यांच्या शेजारी १९१६ चा निबंध उत्तरात मांडा. गोपाळ गुरू यांनी २००२ साली लिहिलं, की या देशात सिद्धांत मांडणारे एका जातीचे आणि माहिती गोळा करणारे दुसऱ्या जातींचे, अशी वाटणी समाजशास्त्रांतही आहे. ती वाटणी मोडायची तर सिद्धांत यावा लागतो.

सहावं, पैसा. भारत सरकारची शिष्यवृत्ती, वसतिगृह न मिळालेल्यांसाठी स्वाधार, पुढं संशोधनासाठी बार्टी. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला अकरावीपासून तयार ठेवा. तारीख चुकली की वर्ष जातं. शिष्यवृत्ती रखडली तर एकट्यानं खिडकीवर गयावया करू नका. वीस जण मिळून जा, अर्ज लेखी द्या, पोच घ्या.

सातवं, पुढं काय? अभ्यासिकेत शंभर पोरं बसतात आणि शंभरच्या शंभर एमपीएससी करतात. जागा किती निघतात ते तुम्हीच बघता. एम.ए. करा, नेट-सेट द्या. नेटसाठी एम.ए.ला खुल्या प्रवर्गाला ५५ टक्के लागतात, अनुसूचित जातींना ५०. समाजकार्य, कायदा, पत्रकारिता, सगळ्यांना समाजशास्त्राचा पाया चालतो. आणि वर्गात शिकवणारा आपला माणूस असला की त्या खिडकीवरचं पोरगं बिचकत नाही, हेही काम आहे.

शेवटचं. हे सगळं मी एका दुपारी सांगून गेलो तर त्याचा उपयोग नाही. मी काही इथं राहत नाही. तुम्ही राहता. प्राचार्यांकडं लेखी मागा, की प्रत्येक मेंटॉरचा आठवड्यातला एक ठरलेला तास फळ्यावर लिहा आणि क्रेडिटचा सगळा कारभार मराठीत छापून नोटीसबोर्डावर लावा. फुकटात होणारी गोष्ट आहे, नाही म्हणायला कारण नाही. आणि येत्या जूनमध्ये प्रवेशाच्या खिडकीबाहेर एक टेबल टाका. तिसऱ्या वर्षातली दोन पोरं आणि दोन पोरी तिथं बसवा. टेबलावर जुना अभ्यासक्रम, जुन्या प्रश्नपत्रिका, शिष्यवृत्तीच्या तारखा आणि लागणाऱ्या कागदांची यादी ठेवा. पोरीनं पोरीला विचारलं की ती जास्त बोलते, म्हणून पोरी हव्यातच. रांगेतलं पोरगं खिडकीवर पोचायच्या आधी तुमच्यापर्यंत पोचलं पाहिजे. त्याला आधी पाणी द्या. मग विचारा, 'तुला काय समजून घ्यायचंय?' आजवर त्याला हे कुणी विचारलेलं नसतं.

माहितीचं वतन एका घराच्या ताटावर राहतं. आपलं टेबल रस्त्यावर राहील. त्या टेबलाची पाळी आजच लावा. कोण कोण बसणार, नावं द्या.

जयभीम.