क्रूसावरून काश्मीरपर्यंत



श्रीनगरच्या खानयार मोहल्ल्यात रोजाबल नावाची एक जुनी कबर आहे. ती येशू ख्रिस्ताची, असे ठामपणे सांगणारे लोक आहेत. येशू क्रूसावर मेला नाही. तो मूर्च्छित झाला, बरा झाल्यावर पूर्वेकडे आला आणि काश्मिरात वारला, अशी ही उपपत्ती. अहमदिया पंथाचे संस्थापक मिर्झा गुलाम अहमद यांनी १८९९ साली लिहिलेल्या ग्रंथात ती मांडली. आपल्या मराठीतही, ग. दा. सावरकरांच्या ‘ख्रिस्तपरिचय’ या १९४६ च्या पुस्तकात, ख्रिस्ताचा शेवट काश्मिरातच दाखवला आहे.

येशू मरणातून उठला की नाही, हा श्रद्धेचा प्रश्न. त्यात मी आज शिरत नाही. माझा प्रश्न लहान आहे. तो क्रूसावर मेला की नाही?

क्रूसावरून माणूस जिवंत उतरणे अगदीच अशक्य होते काय? नाही. पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार जोसेफस सांगतो, की क्रूसावर चढवलेल्या तीन परिचितांसाठी त्याने रोमन सेनापती टायटसकडे रदबदली केली. टायटसने त्यांना उतरवून त्यांच्यावर काळजीपूर्वक उपचार करण्याचा हुकूम दिला. तरी दोघे मेले, एक वाचला. मूर्च्छेच्या उपपत्तीला मिळू शकणारा सर्वांत चांगला आधार हाच. येशूच्या बाबतीत मात्र रोमन सुभेदाराचा हुकूम वाचवण्याचा नव्हता, मारण्याचा होता. आणि तो अमलात आल्याची नोंद टॅसिटस करतो. हा रोमन इतिहासकार ख्रिस्ती तर नव्हताच, उलट त्या पंथाला तुच्छ लेखणारा होता.

जर्मन पंडित डेव्हिड स्ट्राउस चमत्कार मानीत नसे. तरीही १८६४ साली त्याने या उपपत्तीवर बिनतोड आक्षेप घेतला. अर्धमेला, मलमपट्टीची गरज असलेला माणूस खुरडत कबरीबाहेर आला, तर शिष्यांना त्याची कीव येईल. मृत्यू जिंकणारा म्हणून ते त्याला कसे भजतील?

आता त्या कबरीकडे वळू. तेथील पुरुषाचे नाव यूज आसफ. त्याचा ‘यूज’ म्हणजेच येशू, असे सांगतात. पण हे नाव जुन्या अरबी कथेत भेटते. ‘बोधिसत्त्व’ शब्दाचे तेथे ‘बूदासफ’ झाले. अरबी लिपीत शब्दारंभी ब आणि य यांत केवळ टिंबांचा फरक; लेखनिकांच्या हातून ‘बू’चा ‘यू’ झाला. राज्य सोडून जाणाऱ्या राजपुत्राची ती कथा म्हणजे आपल्या बुद्धाचीच कथा. युरोपात पोचल्यावर तोच राजपुत्र ‘जोसाफाट’ नावाचा ख्रिस्ती संत झाला! तेव्हा या नावाचा माग काढीत गेलो, तर आपण जेरुसलेमला नव्हे, कपिलवस्तूला पोचतो.

जगद्वंद्य पुरुष आपल्या मातीत विसावला, हे ऐकून कोणाला बरे वाटणार नाही? मलाही वाटले असते. परंतु परक्याच्या दंतकथेला आपण जो पुरावा मागतो, तोच आपल्याला सुखावणाऱ्या कथेलाही मागितला पाहिजे. तेथे सवलत दिली, तर इतिहास उरत नाही. केवळ आपली हौस उरते.