टेबलाचे नाव आणि यंत्राची अक्षरे



आजचा विषय रुक्ष आहे, हे आम्ही आधीच कबूल करून टाकतो. पुण्याच्या पेशवे दप्तरात जुने कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. हवा तो रुमाल हाती यायचा, तर त्याची ओळख पटली पाहिजे. संगणकातला डेटाबेस हेही असेच एक दप्तर. त्यातले एकेक टेबल म्हणजे एकेक रुमाल, आणि टेबलाचे नाव ही त्याची ओळखचिठ्ठी. चिठ्ठी वाचता आली नाही, तर आतला माल शाबूत असूनही नसल्यासारखाच.

एका सहकारी संस्थेचे हिशेब जुन्या संगणकावरून नव्यावर नेण्याचे काम एकदा आमच्याकडे आले. एका टेबलाचे नाव होते 'शेतकऱ्यांची_खाती'. नव्या यंत्राच्या यादीत ते ठळक दिसत होते. पण तेच नाव आम्ही टंकून मागितले, की उत्तर येई, 'असे टेबल नाही'. खिडकीपुढे सभासद ताटकळत उभे. एकाने तर विचारलेही, 'अहो, आमचे पैसे आहेत ना?' पैसे होते. चिठ्ठी जुळत नव्हती.

घोटाळा होता तो त्या 'ऱ्य'मध्ये. 'आचाऱ्यांना' आणि 'आचार्यांना' यांतला भेद आपण डोळ्यांनी ओळखतो; एकात स्वयंपाकी, दुसऱ्यात गुरुजी. यंत्राला मात्र डोळे नाहीत, त्याच्यापाशी केवळ आकडे. युनिकोडमध्ये हा 'ऱ्य' तीन वाटांनी लिहिता येतो: स्वतंत्र 'ऱ' घेऊन, साध्या 'र'ला खाली नुक्ता देऊन, किंवा 'र'चा पाय मोडून त्यापुढे एक अदृश्य सांधणारे चिन्ह घालून. कागदावर तिन्ही सारखे, यंत्राच्या लेखी तीन निराळी नावे! पहिली दोन रूपे एक करण्याचा प्रमाण नियम आहे. तिसऱ्याला तो लागू पडत नाही. जुन्या कारकुनाचा कळफलक एका वाटेने जात होता, आमचा दुसऱ्या.

दुसरे दुखणे याहून ठाऊक असलेले. यूटीएफ-8 या पद्धतीत 'क' हे अक्षर 224, 164, 149 अशा तीन आकड्यांनी साठवतात. वाचणाऱ्या यंत्राला कोणी पश्चिम युरोपची जुनी लिपिसारणी दिली असेल, तर ते या तिघांची तीन परकी अक्षरे करून दाखवते. देवनागरीतले प्रत्येक अक्षर 224नेच सुरू होते, म्हणून माथ्यावर तिरपी रेघ असलेला तोच तो फ्रेंच 'ए' रांगेने उभा राहतो. हे दिसले तर घाबरू नये. मूळ आकडे बहुधा जागच्या जागी असतात, आणि योग्य सारणीने पुन्हा वाचले की नाव परत येते. पण अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे साठवली गेली असतील, तर मूळ आकडे पुसले गेले. तेथे जुनी प्रत काढण्यावाचून इलाज नाही. म्हणून दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी नक्कल करून ठेवावी, आणि नावाचे रूप न पाहता त्याचे आकडे छापून पाहावेत. आम्ही तेच केले, तेव्हा कोठे तो अदृश्य सांधा सापडला.

लांबीचीही एक गंमत आहे. मायएसक्यूएल नावातली 64 चिन्हे मोजते. पोस्टग्रेसएसक्यूएल मात्र 63 बाइट मोजते, म्हणजे देवनागरीची 21 चिन्हे. एकट्या 'ऱ्यां'मध्येच पाच चिन्हे खर्ची पडतात! उरलेले नाव ते कापून टाकते.

मग टेबलांची नावे मराठीत ठेवूच नयेत काय? आम्हीही एके काळी हट्टाने मराठीच नावे देत होतो. आता आमचे मत असे, की चिठ्ठी साध्या रोमन अक्षरांत असावी, आणि आतला सारा मजकूर, माणसांची आणि गावांची नावे, शुद्ध मराठीत. हे लिहिताना मनाला थोडे लागते, खोटे कशाला बोला! पण त्या खिडकीपुढचा प्रश्न आठवला, की हट्ट गळून पडतो.

त्या संस्थेत टेबलांची नावे आम्ही त्याच संध्याकाळी बदलली. कोणत्या रोमन नावाचा मराठी अर्थ काय, याची यादी तेथल्या चिटणिसांनी एका वहीत उतरवून घेतली, आणि वही तिजोरीत ठेवली.