स्वतःविषयी चार ओळी लिहिताना



तुम्ही आता वाचू लागलात, सही करू लागलात. आता पुढची पायरी चढू या. स्वतःविषयी चार ओळी स्वतःच्या हाताने लिहू या.

लिहून झाले की कागद लगेच देऊन टाकू नका. एकदा मोठ्याने वाचा आणि क्रियापदे तपासा. क्रियापद म्हणजे वाक्याचे सुकाणू. उत्तनच्या नाखवांना हे वेगळे सांगायला नको. सुकाणू फिरले की होडी फिरते.

भाईंदरची मिठागरे तुम्हांला ठाऊक आहेत. समजा, मिठागरातल्या एका कामगाराने अर्जात लिहिले :

'मी मिठागरात दहा वर्षे काम केले. भरतीचे पाणी आत घेतो. ते उन्हात आटले. मग मीठ ओढत असे. मला दोन महिन्यांची मजुरी मिळत नाही.'

अर्ज वाचणाऱ्या साहेबाला काय कळेल? 'काम केले' म्हणजे काम संपले. 'पाणी घेतो' म्हणजे काम चालू आहे. मग खरे कोणते? 'मजुरी मिळत नाही' म्हणजे कधीच मिळत नाही, असेही कुणी म्हणेल. त्याला सांगायचे होते, की मजुरी अजून 'मिळालेली नाही'. माणूस खरा, पण क्रियापद चुकले. एवढ्याने हक्काचा पैसा अडू शकतो!

काम चालू असेल तर असे लिहावे :

'मी मिठागरात दहा वर्षांपासून काम करतो. भरतीचे पाणी आम्ही आत घेतो. ते उन्हात आटले की मीठ ओढतो आणि ढीग लावतो. मार्च आणि एप्रिल या दोन महिन्यांची मजुरी मला अजून मिळालेली नाही.'

काम सुटले असेल तर 'दहा वर्षे काम केले' हेच बरोबर. मग रोजची कामे सांगताना 'पाणी घेत असू, मीठ ओढत असू' असे लिहावे. पण प्रत्येक वाक्याला 'असू, असू' आले, तर कानाला खटकते. अशा वेळी दोन वाक्ये 'आणि'ने जोडावीत. बाई लिहीत असेल तर 'मी काम करते' असे लिहील.

आता कुणी विचारील, 'गुरुजी, केलं लिहू की केले?' बोलताना आपण 'केलं' म्हणतो. कुणाचे बोलणे जसेच्या तसे लिहायचे, तर 'केलं' चालते. शुद्धलेखनाच्या नियमांतच तशी सोय आहे. अर्जात मात्र 'केले' लिहा. एकाच अर्जात दोन्ही मिसळू नका.

आपली बोली आगरी असो, कोळी असो, तिची लाज धरू नका. लक्ष्मीबाई टिळक लग्नानंतर लिहावाचायला शिकल्या. पुढे त्यांनी आपल्या आयुष्याची हकिगत घरच्या बोलण्यासारखी लिहिली. 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग 1934 साली निघाला. लोक ते पुस्तक आजही आवडीने वाचतात.

तेव्हा लिहून झाले की स्वतःला तीन प्रश्न विचारा. हे काम संपले, की चालू आहे? ते एकदा घडले, की रोज घडत असे? वाचताना जीभ कुठे अडते का? जिथे अडेल, तिथे वाक्य बदला.

आज घरी जाऊन आपल्या कामाविषयी पाच वाक्ये लिहा. घरच्या माणसांना वाचून दाखवा. त्यांना नीट कळले, तर साहेबालाही कळेल.