घाम येतो, पण तो वाळतो का?

हेडफोन लावलेत? पंख्याखाली बसलात? मग सुरू करू या.

परवा एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली. मूळचा नागपूरचा, नोकरीसाठी मुंबईत आलेला. म्हणतो, "ताई, आमच्याकडे 44 असायचं तेव्हा मी मजेत सायकल हाणत फिरायचो. इथे 34 आहे आणि जीव नकोसा झालाय. मुंबईचं तापमान कमी करून सांगतात का?"

नाही हो, कोणी कमी करून सांगत नाही. (आणि 44 मध्ये सायकल हाणणं हा काही आदर्श नाही, त्यावर पुढे बोलतेच.) पण त्याला जे जाणवतंय तेही खरंच आहे. गंमत अशी की याचं उत्तर आपण सातवी-आठवीत पाठ केलेलं असतं. 'उष्णता आणि तापमान यांतील फरक स्पष्ट करा', दोन मार्क!

दिवाळीतली फुलबाजी आठवा. तिच्या ठिणग्यांचं तापमान हजार अंशांच्या घरात असतं, तरी एखादी हातावर उडाली तर फक्त चुटका बसतो. आणि 80 अंशांचं तांब्याभर पाणी सांडलं तर? दवाखाना. ठिणगी पाण्यापेक्षा कितीतरी गरम, पण इवलीशी, म्हणून तिच्याकडे द्यायला उष्णताच फार नसते. तापमान म्हणजे कणांची धावपळ सरासरी किती जोरात चालली आहे ते. उष्णता म्हणजे गरम वस्तूकडून थंड वस्तूकडे प्रत्यक्ष किती ऊर्जा गेली ते.

आता गॅसवर चहाचं आधण ठेवा. पाणी 100 अंशांना उकळायला लागलं की गॅस कितीही मोठा करा, पाणी 100 च्या वर जात नाही. मग ती सगळी उष्णता जाते कुठे? पाण्याची वाफ करण्यात. कण एकमेकांना धरून असतात, ते सोडवायला ऊर्जा लागते आणि ती थर्मामीटरवर दिसत नाही. म्हणून पुस्तकात तिला 'अप्रकट उष्मा' म्हणतात. जोसेफ ब्लॅक या स्कॉटिश शास्त्रज्ञाने ग्लासगोमध्ये 1760 च्या दशकात हे मोजून दाखवलं. (तेव्हा, उकळी आली की गॅस बारीक करा. पाण्याला काही फरक पडत नाही, सिलिंडरला पडतो.)

आकडा ऐका. 1 ग्रॅम बर्फ वितळायला 80 कॅलरी लागतात, 100 अंशांवरच्या 1 ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला 540. आणि वाफ व्हायला उकळावंच लागतं असं नाही. दोरीवरचे कपडे उकळत नाहीत, तरी वाळतातच ना? आपल्या कातडीच्या तापमानाला, म्हणजे 35 अंशांच्या आसपास, 1 ग्रॅम पाणी उडून जाताना साधारण 580 कॅलरी सोबत नेतं.

म्हणजे एक लिटर घाम पूर्ण वाळला तर किती उष्णता गेली? तेवढ्या उष्णतेत 10 लिटर पाणी 20 अंशांवरून 78 अंशांपर्यंत तापलं असतं. अंघोळीची अर्धी बादली! आपलं शरीर नुसतं बसलं तरी साधारण 100 वॉटच्या जुन्या पिवळ्या बल्बइतकी उष्णता तयार करतं, आणि गोणी उचलताना किंवा वीट-वाळू वाहताना त्याच्या तीन-चार पट. हवा कातडीपेक्षा गार असेल तर ही उष्णता आपोआप बाहेर जाते. पण हवाच 36-37 झाली की तो रस्ता बंद होतो, उलट हवाच आपल्याला तापवायला लागते. मग भरवसा एकाच गोष्टीवर, घाम वाळण्यावर.

मी 'वाळण्यावर' म्हटलं, 'येण्यावर' नाही. मुंबईत अंगावरून घामाच्या धारा लागतात, शर्ट पाठीला चिकटतो, हनुवटीवरून थेंब टपकतात. टपकलेल्या थेंबाने तुम्हाला जवळजवळ काहीच गारवा दिला नाही. शरीरातलं पाणी गेलं, मीठ गेलं, उष्णता मात्र आतच राहिली. हवेत आधीच वाफ भरलेली असेल तर घाम उडणार कसा?

हे मोजायची एक साधी युक्ती आहे. काचेच्या थर्मामीटरच्या फुग्याला ओलं सुती फडकं गुंडाळायचं आणि त्यावर वारा सोडायचा. पाणी उडतं, पारा उतरतो. जिथे थांबतो ते 'वेट बल्ब' तापमान. घामाने भिजलेली कातडी फार तर किती गार होऊ शकते, त्याची ती खालची मर्यादा समजा.

आता आपल्या मित्राचा हिशोब करू. नागपूर, मे महिना, 44 अंश आणि आर्द्रता 15 टक्के धरली तर वेट बल्ब येतो साधारण 23. मुंबईत 34 अंश आणि आर्द्रता 70 टक्के, तर येतो साधारण 29. बघा, आकडे उलटेच झाले! हवामान खातंही उष्णतेची लाट ठरवताना सपाट प्रदेशासाठी किमान 40 अंश आणि किनाऱ्यासाठी 37 अंश असा वेगळा उंबरठा धरतं.

2010 मध्ये शेरवूड आणि ह्यूबर या शास्त्रज्ञांनी मांडलं की वेट बल्ब 35 झालं तर धडधाकट माणूससुद्धा, सावलीत, काही न करता, काही तासच तग धरेल. नंतर अमेरिकेत पेन स्टेट विद्यापीठात तरुण, निरोगी लोकांवर प्रत्यक्ष चाचण्या झाल्या, तर दमट हवेत शरीराचा तोल 31 च्या आसपासच सुटायला लागला. 29 आणि 31 मध्ये किती अंतर आहे ते तुम्हीच बघा. आणि हे सावलीतले आकडे आहेत. उन्हात बसलात की सूर्याची उष्णता वेगळी.

16 एप्रिल 2023, खारघर. मोकळ्या मैदानात, भर उन्हात तासन् तास बसलेल्या लोकांपैकी 14 जण उष्माघाताने गेले. त्या दिवशी तापमान 38 च्या आसपास होतं. विदर्भातला माणूस हा आकडा ऐकून 'एवढंच?' म्हणेल.

पण विदर्भकरांनो, तुम्ही निर्धास्त राहू नका. कोरड्या हवेत घाम इतक्या झटक्यात उडतो की आला होता हेच कळत नाही, आणि पाणी कधी संपलं हेही कळत नाही. शरीरात पाणीच नसेल तर घाम कुठून येणार? म्हणून तिकडे तहान लागायची वाट न बघता पीत राहायचं.

कूलरचंही हेच गणित. अकोल्यात वाळ्याच्या ताट्यांचा कूलर मस्त चालतो, कारण कोरडी हवा पाणी उडवते आणि स्वतः गार होते. मात्र खिडकी उघडी हवी, नाहीतर तासाभरात खोलीची मुंबई होते. मुंबईत कूलर म्हणजे दमट खोलीत आणखी दमटपणा. तिथे पंखा, हलके सुती कपडे आणि अंग ओल्या फडक्याने पुसत राहणं जास्त कामाचं.

आणि एक, हे मात्र लक्ष देऊन ऐका. उन्हात काम करणारा माणूस बरळायला लागला, अडखळला, कोसळला, तर 'घाम येतोय म्हणजे ठीक आहे' असं समजू नका. घाम येत असतानाही उष्माघात होतो. 108 ला फोन लावा आणि गाडी येईपर्यंत थांबून राहू नका. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता आणि जे मिळेल त्याने, पुठ्ठ्याने, वहीने, ओढणीने वारा घाला. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. पाणी अंगावर, आणि वर वारा.

चला, आज एवढंच. पुढच्या भागात प्रेशर कुकर : महाबळेश्वरला डाळ शिजायला वेळ का लागतो ते बघू. तोवर पाणी पीत राहा!