सोळा पायऱ्या आणि एक विसरलेलं नाव

आजचा भाग लोकलमध्ये ऐकत असाल तर बरंच, कारण गोष्ट प्रवासाचीच आहे.

आम्ही लोधिवलीचे. जुन्या मुंबई-पुणे हायवेवरचं गाव. शनिवार-रविवार आला की गाड्या थांबतात, काच खाली होते. "इर्शाळगडाला कुठून जायचं?" "इमॅजिका किती लांब?" पाहुण्यांना रस्ता सांगायची आम्हाला सवय. या वेळी पहिल्यांदा आम्हीच पाहुणे झालो. आई, बाबा, धाकटा भाऊ, बहात्तर वर्षांची आजी आणि मी. ग्रुप टूर, देश मॉरिशस.

मुंबईहून विमानाने साधारण सहा तास. घड्याळ दीड तास मागे करायचं. तिथेही रुपयेच चालतात, पण ते त्यांचे वेगळे.

तिसऱ्या दिवशी राजधानी पोर्ट लुईचं दर्शन होतं. सकाळी पांप्लेमूसची बाग. तिथल्या तळ्यात काठ वर वळलेली भली मोठी कमळपानं तरंगतात. आजी म्हणाली, "या परातीत दहा जणांचा भात कालवता येईल!" मग टेकडीवरचा सिटाडेल किल्ला. वरून बंदर दिसतं आणि १८१२ सालापासूनचं घोड्यांच्या शर्यतीचं मैदानही. तिथे वीस मिनिटं, फोटो काढा, बसमध्ये बसा.

आता खरी गंमत. दिवसाच्या कागदावर लिहिलं होतं, 'कॉडन वॉटरफ्रंट, शॉपिंग, २ तास'. खाली एक ओळ, 'आप्रवासी घाट, बसमधून'. आमच्याकडे घाट म्हणजे खोपोलीच्या वरचा बोरघाट. आजीने गाइडला विचारलं, "अरे बाबा, समुद्राकाठी घाट कुठला?"

गाइड पस्तिशीचा. ग्रुपशी हिंदीत बोलायचा, ड्रायव्हरशी क्रिओलमध्ये. तो एकदम थांबला आणि अडखळत मराठीत म्हणाला, "आजी, माझे लोक तिथे उतरले."

बसमध्ये शांतता!

मग त्याने सांगितलं. १८३५ मध्ये इंग्रजांनी इथली गुलामगिरी बंद केली. उसाच्या मळ्यांना माणसं हवी होती, म्हणून हिंदुस्थानातून करारावर मजूर आणले. करार बहुतेक पाच वर्षांचा, सुरुवातीच्या काळात पगार महिन्याला पाच रुपये. एक दिवस कामावर गेलं नाही तर दोन दिवसांचा पगार कापायचे. १९२० पर्यंत जवळजवळ साडेचार लाख लोक आले. बहुतेक जण बिहार-उत्तर प्रदेशकडचे, दक्षिणेतले तमिळ आणि तेलुगू, आणि मुंबई बंदरातून आलेले आपले कोकणातले. २००६ पासून ही जागा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. आणि कॉडनपासून ती चालत जाण्याइतकी जवळ!

आजी म्हणाली, "मला दुकानं नकोत. मला तिथे ने."

गाइड म्हणाला, ग्रुप सोडून मला येता येत नाही. आई म्हणाली, आजीचे गुडघे. बाबा म्हणाले, बस चुकली तर? शेवटी ठरलं असं की दुकानांचा एक तास आम्ही घाटाला द्यायचा. सगळे कॉडनला उतरल्यावर गाइडने स्वतःची जेवणाची सुट्टी आम्हाला दिली.

जागा लहान आहे. दगडी भिंती, खोल्यांचे चौथरे आणि सोळा पायऱ्या. बोटीतून उतरलेला प्रत्येक माणूस या पायऱ्या चढून आत यायचा. आत त्याची नोंद व्हायची आणि त्याला नंबर मिळायचा. कित्येकांचं पहिलं नावच पुढे वंशाचं आडनाव झालं. आमच्या गाइडचंही तसंच, त्याचं आडनाव म्हणजे त्याच्या खापरपणजोबांचं नाव.

आजी एकेक पायरी मोजत वर गेली आणि वर जाऊन तिथेच बसली. मग म्हणाली, "माझ्या आजोबांचा चुलता बोटीवर गेला, तो आलाच नाही. आमच्या घरात एवढंच सांगायचे."

बाबांनासुद्धा हे माहीत नव्हतं.

गाइड पटकन म्हणाला, मोका गावात महात्मा गांधी इन्स्टिट्यूट आहे, तिथे जुनी रजिस्टरं जपलीत. माणसाचं नाव, बापाचं नाव, गाव, बोट. "नाव काय त्यांचं, आजी?"

आजी बराच वेळ गप्प होती. "घरात दाजी म्हणायचे. खरं नाव कोणी सांगितलंच नाही. मीही कधी विचारलं नाही."

दाजी! कोकणात दाजी किती असतील? तो इथेच आला की दुसरीकडे कुठे गेला, तेही माहीत नाही. रजिस्टरं जपलेली आहेत, पण विचारायचं काय?

निघताना आजीने पिशवीतला खाऊचा डबा गाइडच्या हातात दिला. म्हणाली, "जेवला नाहीस माझ्यामुळे." तो तिच्या पाया पडला.

मंडळी, टूरवर जाल तेव्हा कागदावरची प्रत्येक ओळ वाचा, बारीक अक्षरातली आधी. गाइडला फक्त 'वॉशरूम कुठे' एवढंच विचारू नका. तो कुठला, त्याचे लोक कुठून आले, हेही विचारा.

आणि दुसरं, त्यासाठी विमान लागत नाही. फोनचा रेकॉर्डर चालू करा आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला नावं विचारा. टोपणनावं नाहीत, पूर्ण नावं. बापाचं नाव, गाव. आम्ही लोधिवलीला परत आलो त्याच रात्री सुरू केलं. आजीला चौतीस नावं आठवली. पस्तीसाव्या जागी मी 'दाजी' लिहून पुढे जागा रिकामी ठेवलीय.

तुमच्या घरात अशी रिकामी जागा कोणाची आहे? नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या!