हा सूर्य आणि हा जयद्रथ : कथेतले सूर्यग्रहण



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून काहींना वाटले असेल की वक्ता एक तर खगोलशास्त्र शिकवणार, नाही तर राशीवार ग्रहणफल सांगणार. यांपैकी काहीच मी करणार नाही. पुराणात, कथेत, कादंबरीत सूर्यग्रहण येते तेव्हा ते तिथे कोणते काम करते, एवढाच माझा प्रश्न आहे. चांगला तळपता सूर्य लेखकाला मधेच झाकावासा का वाटतो? आणि झाकल्यावर त्या अंधारात तो आपल्याला काय दाखवतो?

या प्रश्नासाठी शिर्डीहून फार लांब जायला नको. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे परवापरवापर्यंतच्या अहमदनगर जिल्ह्यात, नेवासे आहे. ज्ञानेश्वरीचे नेवासे म्हणून ते साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. पण तिथे मोहिनीराजाचेही देऊळ आहे. समुद्रमंथनातून निघालेले अमृत मोहिनीने देवांना वाढले ते इथेच, अशी तिकडची श्रद्धा आहे. पंगत बसलेली असताना एक दैत्य देवाचे सोंग घेऊन सूर्यचंद्रांच्या शेजारी येऊन बसला. त्या दोघांनी त्याला ओळखले, खूण केली, आणि अमृत गळ्याखाली उतरायच्या आत चक्र सुटले. शिर पडले ती राहुरी आणि काया पडली ते कायगाव, असे लोक सांगतात. ही व्युत्पत्ती भाषाशास्त्राच्या कसोटीला लावायची नसते. गोष्ट आपल्या शिवारात आणून बसवायची लोकांची ती रीत आहे.

आता या गोष्टीकडे नाटककाराच्या डोळ्यांनी पाहा. आकाशात एक काळी चकती सूर्यावरून सरकते, एवढीच घटना. पुराणकाराने तिच्यामागे पंगत उभी केली, पंक्तिप्रपंच उभा केला, शेजाऱ्याने केलेली चहाडी आणि त्या चहाडीचा कधीही न फिटणारा सूड उभा केला. आपल्या पंक्तीत न बसू शकणारा माणूस सोंग घेऊन बसतो आणि ओळखला जातो, हे आपण लग्नाच्या मांडवातही पाहिलेले असते. ग्रहणाला माणसाच्या स्वभावात कारण शोधले की त्याचे नाट्य होते. हे पहिले सूत्र आपण हाती ठेवू.

दुसरे सूत्र आपल्या पंचांगातच आहे. ग्रहणाचे टप्पे पंचांग कसे सांगते? आधी वेध. मग स्पर्श, संमीलन, मध्य, उन्मीलन आणि शेवटी मोक्ष. नाटकाचे अंक याहून वेगळे काय असतात? संकटाची चाहूल, संकटाचा स्पर्श, सर्वत्र काळोख, मग एक किरण, आणि सुटका. मराठी भाषेने तर यात आणखी गंमत केली आहे. वेध हे मूळचे सोवळ्याओवळ्याचे, उपासाचे तास. पण मुलीला माहेरचे वेध लागतात, वारकऱ्याला पंढरीचे वेध लागतात, असे आपण म्हणतो. भीतीचा शब्द ओढीचा झाला. वाचकाला पुढच्या घटनेचे वेध लावणे हेच कथाकाराचे काम. तेव्हा ग्रहण त्याला प्रिय व्हावे यात नवल नाही.

पाश्चात्त्य कादंबरीने हे साधन कसे वापरले ते पाहू. मूळ प्रसंग खरा घडलेला आहे, मात्र तो चंद्रग्रहणाचा आहे. १५०४ साली कोलंबस जमेकाच्या किनाऱ्यावर अडकून पडला होता. तिथल्या रहिवाशांनी अन्न देणे बंद केले. त्याच्याजवळ रेगिओमोन्टानुसचे ग्रहगणित होते, आपल्या भाषेत पंचांगच. २९ फेब्रुवारीला चंद्रग्रहण आहे हे त्यात पाहून त्याने, माझा देव कोपला आहे, चंद्र काढून घेणार आहे, अशी धमकी दिली. ग्रहण लागले, लोक घाबरले, अन्न आले.

या एका प्रसंगावर पुढे कितीतरी कथानके पोसली. रायडर हॅगार्डच्या १८८५ सालच्या ‘किंग सॉलोमन्स माइन्स’मध्ये गोरे प्रवासी आफ्रिकेतल्या लोकांवर हीच युक्ती चालवतात. मार्क ट्वेनच्या १८८९ सालच्या ‘अ कनेक्टिकट यांकी’मध्ये आधुनिक अमेरिकन माणूस राजा आर्थरच्या काळात जाऊन पडतो आणि जिवंत जाळला जाण्याच्या क्षणी ५२८ सालच्या २१ जूनचे ग्रहण आठवून सुटतो. ते ग्रहण लेखकाने कल्पिलेले होते. कथेला ते चालते, कारण कथेने स्वतःपुरते पंचांग रचलेले असते.

हॅगार्डची मात्र पंचाईत झाली. त्याने पहिल्या आवृत्तीत सूर्यग्रहण घातले होते. आदल्या रात्री आकाशात पूर्ण चंद्र, दुसऱ्या दिवशी सूर्याला ग्रहण, आणि दाट काळोख तासाहून जास्त! सूर्यग्रहण लागते ते अमावास्येलाच, आणि खग्रास स्थिती फार तर साडेसात मिनिटांच्या आसपास टिकते. पुढच्या आवृत्त्यांत त्याने निमूटपणे सूर्यग्रहणाचे चंद्रग्रहण केले. आपल्याकडच्या एखाद्या जोश्याने ती पहिली आवृत्ती वाचली असती तर पानावरच खडूने फुली मारली असती.

आणि इथेच मला मुख्य मुद्दा सापडतो. ही युक्ती चालायला काय लागते? एकाला ठाऊक असावे आणि बाकीच्या साऱ्यांना ठाऊक नसावे. समजा, कोलंबस जमेकाऐवजी गोदाकाठी, पुणतांब्याला किंवा कोपरगावला येऊन अडकला असता, आणि घाटावर उभा राहून म्हणाला असता, ‘उद्या मी ग्रहण लावतो!’ गावकऱ्यांनी त्याला विचारले असते, ‘स्पर्श किती घटकांनी, बाबा? आमच्या जोशीबुवांनी तर महिन्यामागेच सांगितले आहे.’ नांदगावच्या गणेश दैवज्ञाने १५२० साली ‘ग्रहलाघव’ रचले आणि त्यावरून शतकानुशतके आपल्याकडे पंचांगे झाली. ग्रहण केव्हा लागणार आणि केव्हा सुटणार हे गावाला आधी कळत असे. पाचव्या शतकाच्या अखेरीस, ४९९ साली, आर्यभटाने ग्रहण म्हणजे छायेचा खेळ आहे हे सांगून ठेवले होते. म्हणून गोऱ्या प्रवाशाची ती कादंबरी आपल्या मातीत रुजत नाही. ती कादंबरी वाचताना एक गोष्ट मनाला टोचतेही: तिच्यात ज्ञान आहे, पण ते समोरच्याला शहाणे करण्यासाठी वापरलेले नाही, त्याला गुडघे टेकायला लावण्यासाठी वापरलेले आहे.

मग आपल्याकडे काय आहे? आपल्याकडे जयद्रथ आहे.

कथा आपणा सर्वांना पाठ आहे. तेराव्या दिवशी चक्रव्यूहात अभिमन्यू पडला. शंकराच्या वरामुळे जयद्रथाने त्या दिवशी पांडवांना व्यूहाच्या तोंडाशीच रोखून धरले होते. अर्जुनाने प्रतिज्ञा केली : उद्या सूर्यास्ताच्या आत जयद्रथाला मारीन, नाही तर अग्निप्रवेश करीन. चौदाव्या दिवशी साऱ्या कौरवसेनेने जयद्रथाला पाठीशी घातले. दिवस संपत आला. कृष्णाने सूर्य झाकला. अंधार झाला, कौरवांनी जल्लोष केला, लपलेला जयद्रथ मान वर करून पाहू लागला. आणि मग तो शब्द, जो आजही आपल्या कचेऱ्यांत, बाजारात, भाऊबंदकीच्या भांडणात ऐकू येतो : हा सूर्य आणि हा जयद्रथ! पुरावा समोर ठेवताना आपण आजही नकळत त्या रणांगणावर उभे असतो.

पुष्कळ मंडळी सांगतात की ते खग्रास सूर्यग्रहणच होते, आणि त्यावरून युद्धाचा कालही काढतात. मला नम्रपणे वेगळे सांगायचे आहे. त्याच द्रोणपर्वात त्याच रात्री युद्ध पुढे चालते, घटोत्कच पडतो, थकलेले सैनिक रणातच झोपतात, आणि रात्रीचा शेवटचा भाग उरला असता चंद्र उगवतो व युद्ध पुन्हा पेटते. ज्या दिवशी सूर्यग्रहण असते त्या दिवशी अमावास्या असते. त्या रात्री चंद्र सूर्याच्या पाठोपाठच मावळतो, उत्तररात्री उगवत नाही. म्हणजे व्यासांच्या चंद्रानेच त्या ग्रहणाविरुद्ध साक्ष दिली. राहूच्या वेळी दिली तशीच!

याहून मोठी गोष्ट पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने पुढे आणली. तिथे सिद्ध झालेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत कृष्णाने अंधार केल्याचा भाग मूळ संहितेत धरलेला नाही. तिथे सूर्य वेगाने अस्ताकडे चालला आहे, कृष्ण घाई करतो आहे, आणि अर्जुन बाण सोडतो आहे. अंधार नंतरच्या कथेकऱ्यांनी आणला. का आणला असेल? मूळच्या प्रसंगात शर्यत आहे, अर्जुनाची आणि मावळत्या सूर्याची. ती थरारक आहे. पण तिच्यात जयद्रथाला काही करायचे नाही, त्याने फक्त लपून राहायचे. कथेकऱ्याला ते पुरेना. त्याने सूर्य झाकला आणि जयद्रथाला मान वर काढायला लावले.

कोलंबसाच्या ग्रहणात आणि या अंधारात केवढे अंतर आहे ते आता दिसेल. तिथे अंधार भोळ्यांना घाबरवतो. इथे अंधार अपराध्याला निर्भय करतो, आणि निर्भय झाला की तो उघडा पडतो. आपण वाचलो असे ज्या क्षणी वाटते त्याच क्षणी माणूस सापडतो, हे कीर्तनकाराला शेकडो वर्षे ठाऊक आहे; म्हणून त्या ओळीवर बुवा थांबतात आणि मृदंग थांबतो. लेखकाने ग्रहण घालावे ते यासाठी. उजेडात जो चेहरा माणूस सांभाळून असतो, तो त्या दोन-चार मिनिटांत निसटतो.

आता आपल्या काळाकडे येऊ. १६ फेब्रुवारी १९८० ला खग्रास ग्रहणाचा पट्टा कर्नाटक-आंध्रातून गेला. महाराष्ट्रात ते खंडग्रास होते. वेळ वर्तमानपत्रांनी छापली होती, कारण शाळेच्या पुस्तकात होते. तरी भर दुपारी मुंबईसारख्या शहराचे रस्ते ओस पडले. म्हणजे ठाऊक नसल्याची भीती संपली, पण ठाऊक असूनही उरलेली भीती तशीच राहिली. आयझॅक असिमॉव्हने १९४१ साली ‘नाइटफॉल’ या कथेत सहा सूर्यांच्या जगावर दोन हजार एकोणपन्नास वर्षांनी येणारी रात्र रंगवली. तिथल्या शास्त्रज्ञांना सारे आधी कळलेले असते, आणि तरीही शेवटी त्यांचाही धीर सुटतो. गणित डोक्याला कळते, पोटातला गोळा वेगळाच असतो.

मराठी लेखकाचे खरे ग्रहण मला इथे दिसते, माजघरात. घरात सात महिन्यांची गर्भार सून आहे. ग्रहणाच्या तासांत तिने चिरायचे नाही, शिवायचे नाही, पाणी प्यायचे नाही, उजेडात यायचे नाही. नवरा शाळेत विज्ञान शिकवतो. फळ्यावर त्याने सूर्य, चंद्र, पृथ्वी काढून दाखवलेली आहेत. बाहेर ‘दे दान, सुटे गिराण’ अशी आरोळी उठते. सुनेला तहान लागली आहे. सासू दुष्ट नाही. तिचे स्वतःचे एक मूल गेलेले आहे, आणि त्याचे कारण तिला कोणी कधी सांगितलेले नाही. आता पाण्याचा तांब्या कोण उचलणार? फळ्यावर आकृती काढणारा तो मास्तर उचलील का? या घरात राहू नको, कृष्ण नको, आफ्रिकेतला राजा नको. एक तांब्या पुरे आहे. आणि त्या घरात जे पणाला लागले आहे ते खोटे नाही, कारण उन्हाळ्याच्या दिवसांत गर्भार बाईला तासन् तास पाण्यावाचून ठेवणे तिला खरोखर अपाय करू शकते. ग्रहणाची सावली मात्र गर्भाला काही करीत नाही.

दुसरे एक कथाबीज इतिहासात पडलेले आहे. २२ जानेवारी १८९८ चे खग्रास ग्रहण महाराष्ट्रावरून गेले. विजयदुर्गाला इंग्लंडहून नॉर्मन लॉकियर आले. आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, जेऊरला, अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल आले, आणि पुण्याच्या सायन्स कॉलेजातले प्राध्यापक कावसजी नायगमवाला हेही आपली यंत्रे घेऊन आले. दोन मिनिटांच्या अंधारासाठी सातासमुद्रांपलीकडून माणसे येतात. आणि तो काळ कसला, तर मुंबई-पुण्याकडे प्लेगचा आणि त्याआधी दुष्काळाचा. जेऊरच्या एखाद्या शेतकऱ्याने त्या तंबूंकडे पाहून काय म्हटले असेल? ती कादंबरी माझ्या वाचनात नाही. आपल्यापैकी कोणी लिहिली तर मी पहिला वाचक होईन.

आता आवरतो. सूर्यग्रहण कथेत आले म्हणजे तीन प्रश्न विचारावेत. ते कोणाला आधी ठाऊक होते? ते ज्ञान त्याने दुसऱ्याला दिले की दुसऱ्यावर चालवले? आणि अंधार झाल्यावर कोणाचा चेहरा उघडा पडला? ज्या कथेत या तिन्हींची उत्तरे मिळतात ती कथा ग्रहण सुटल्यावरही आपल्याजवळ राहते. बाकीच्यांत फक्त दिवा मालवून पुन्हा लावलेला असतो.

२ ऑगस्ट २०२७ रोजी दुपारनंतर महाराष्ट्रातून खंडग्रास सूर्यग्रहण दिसायचे आहे. पावसाळी ढगांनी वाट दिली तर ते अवश्य पाहावे. मात्र उघड्या डोळ्यांनी नव्हे, ग्रहणासाठी मुद्दाम केलेल्या चष्म्यातूनच. मुलांना अंगणात घेऊन पाहावे. आणि घरात कोणी तहानलेले असेल, तर आधी पाण्याचा तांब्या भरून द्यावा.